खुर्चीतल्या बाईसाहेब

ता. २ ऑक्टोबर

चि. झिपऱ्यास,

अ. उ. आ. चि. सौ. वहिनीला तितकेच आशीर्वाद, आणि वर चिमूटभर जास्त, कारण हे पत्र तुला वाचून दाखवायचं काम तिच्याच गळ्यात पडणार.

मी खुशाल आहे. तू विचारलंस, की पडदे शिवायला गेलेली बाई हंगाम उलटत आला तरी परत का येत नाही, कोठीला पडदे शिवते आहे की जहाजाला शिडं. पडदे केव्हाच झाले रे. मी अडकले आहे. कशी ते सांगते, पण हसलास तर पुढचं पत्र बैरंग पाठवीन.

ही कोठी म्हणजे एका मोठ्या घराण्याची जुनी मिळकत. घराण्यात आता कोणी उरलं नाही. नव्या मालकांनी ती दुरुस्त करून सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी उघडली. समोर तळं, मागे फळबाग, बाजूला तबेले. तबेल्यांच्या खोल्या केल्यात आणि त्यांचं भाडं ऐकून घोडेसुद्धा खिंकाळले असते. फाटकातच सगळ्यांचे फोन काढून घेतात, आम्हा कामाच्या माणसांचेही, म्हणून ही पत्रापत्री. चार दिवस जुन्या काळात राहायचं, मंद दिव्यात जेवायचं, घंटा वाजली की उठायचं. लोक खूश असतात.

पडद्यांच्या पट्ट्या टाचायला उजेड लागतो, म्हणून मी मोठ्या दिवाणखान्यात खिडकीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसले होते. थंडी वाजत होती, तेव्हा उरलेला मखमलीचा तुकडा खांद्यावर घेतला होता. इतक्यात एक पाहुणे नवरा-बायको आत आले. बाईंनी मला पाहिलं, एकदम आवाज खाली आणला आणि विचारलं, की आपण याच घराण्यातल्या का. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की आम्हा शिवणाऱ्या बायकांना मान हलवण्यापलीकडे काही येत नाही. मला म्हणायचं होतं, जरा थांबा, टाचण्या काढते. हलली ती मान वर-खाली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मी टाचण्या काढून बोलेपर्यंत त्या बाहेर जाऊन सगळ्यांना सांगूनही आल्या होत्या, की घराण्यातल्या थोरल्या बाईसाहेब अजून इथेच राहतात.

मॅनेजर घामाघूम होऊन आला. म्हणाला, एवढा जथा जाईपर्यंत गप्प बसा, नाहीतर पाहुण्यांची फसवणूक केली असं होईल. जथा गेला. पुढचा आला तो बाईसाहेबांना भेटायलाच आला. आता रोज संध्याकाळी मला खुर्चीत बसवतात आणि मी गोष्टी सांगते. कसल्या म्हणशील? आपल्याच. बेकरीमागची आपली एक खोली मी इतकी वाढवली आहे की तिला आता तीन जिने आहेत.

पुढच्या महिन्यात सुटेन. लोभ असावा, आणि तो धुतल्यावर आटणारा नसावा.

तुझी
ताई

ता. ११ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अक्षर हिचं, मजकूर माझा. (आणि कंसातलं माझं. वन्सं, नमस्कार.)

बाईसाहेब, आम्ही हसलो. बैरंग पत्राचे पैसे भरायची तयारी ठेवून हसलो. ज्या बाईनं उभ्या जन्मात भाजीवाल्याला खोटं सांगितलं नाही, ती आता तीन जिने चढते. बेकरीची भट्टी तेवढी विसरू नकोस. तिची ऊब भिंतीतून यायची, ते कुठल्याही कोठीत मिळायचं नाही.

बातमी अशी, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. दुकानात गिऱ्हाइकं हल्ली कान मुठीत धरून बसतात. कालच एकाची मिशी एका बाजूला आखूड झाली. तो भला माणूस, म्हणाला राहू दे, बायकोला बदल आवडेल. (आवडला नाही. ती येऊन गेली.) डॉक्टर म्हणतात, आधी डावा डोळा महिनाअखेरीला, मग महिन्याभरानं उजवा.

ताई, मागणं एकच. पट्टी काढतील तेव्हा तू समोर बसलेली असावीस. गोवर झाला तेव्हा माझे डोळे बांधून ठेवले होतेस, आठवतं? सोडलेस तेव्हा पहिलं तुझंच तोंड दिसलं होतं. तेव्हापासून जग ठीक असल्याची माझी खूण तीच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या टकल्या माणसानं असं लिहू नये, पण लिहायला सांगतोय तो मी, लाजते आहे ही. (लाजत नाही. हे रडताहेत म्हणून मी थांबले होते. तुम्ही याच.)

येणं करावं. लोभ काय, तो तुझ्याचकडून शिकलेला.

तुझा
झिपऱ्या, हस्ते सौ.

ता. १९ ऑक्टोबर

चि. झिपऱ्या आणि चि. सौ. वहिनी,

अ. उ. आ. पत्र वाचलं आणि लगेच मॅनेजरकडे गेले. पोरगा वाईट नाही, वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो खुर्ची ओढून मला बसवतो, चहा देतो आणि मग सांगतो, की महिनाअखेरीच्या सगळ्या खोल्या बाईसाहेबांच्या नावावर भरल्या आहेत. त्या नसल्या तर लोक येणार नाहीत, लोक आले नाहीत तर मालक कोठीला कुलूप लावतील. मग स्वयंपाकीणबाई, फाटकवाला, माळी, चादरी धुणाऱ्या दोघी जणी सगळे घरी. स्वयंपाकीणबाई तर माझ्या ताटात मोठा तुकडा वाढते. तो खाल्ला की पिशवी भरवत नाही.

तरी मी परवा पिशवी भरली आणि चालू लागले. बसथांबा फाटकासमोरच. तिथे पाहुण्यांचा घोळका नुकताच उतरत होता. बाईसाहेब उन्हात उभ्या पाहून त्यांची धावपळ उडाली. एकानं छत्री धरली, एकानं पिशवी घेतली, दोघांनी कोपरांना आधार दिला, आणि बस येऊन निघून गेली तरी मी तळ्याकडेच वळवली जात होते. इतक्या प्रेमानं कोणी कोणाला कोंडलं नसेल.

आणखी एक. माझा शिवणाचा डबा चादरींच्या कपाटात कुलपात ठेवलाय. बाईसाहेबांनी सुई धरलेली दिसायला नको. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायचं. हात नुसते शिवशिवतात. पाहुण्यांच्या उसवलेल्या बाह्या समोरून जातात आणि मी बघत बसते, उपाशी मांजरानं दुधाकडे बघावं तशी.

मॅनेजरनं एक तोड काढली आहे. मी येऊ शकत नाही तर शस्त्रक्रियेआधी तुम्ही दोघांनी या, दोन दिवस फुकट राहा. अट एवढीच, की नातं कळता कामा नये. तुम्ही पाहुणे, मी बाईसाहेब. मला हे बरं वाटत नाही. पण तुम्हाला पाहीन तरी. वहिनी, त्याला टेबलावर माझ्यापासून लांब बसव. तो मला ताई म्हणेल.

लोभाची शिवण दुहेरी आहे, ती उसवू नये.

तुमची
ताई

ता. ४ नोव्हेंबर

ती. वन्संस,

सा. न. वि. वि. आज कंस नाहीत. सगळं पत्र माझंच आहे, यांनी सांगायला नकार दिला.

शस्त्रक्रिया नीट झाली. पट्टी काढली तेव्हा समोर डॉक्टर होते. त्यांनी यांना विचारलं, काय दिसतं, तर हे म्हणाले, तुमच्या नाकातला केस. डॉक्टर हसले, मीही हसले. हे हसले नाहीत.

वन्सं, तुम्ही रागवाल तर रागवा, पण लिहिते. शस्त्रक्रियेआधी कोठीवर आलो त्या संध्याकाळी आम्ही टेबलाच्या टोकाला बसलो होतो. यांनी तुम्हाला बाईसाहेब म्हटलं, मीठ मागितलं, सगळं ठरल्यासारखं केलं. मग कोणीतरी म्हणालं, की तळ्याची गोष्ट सांगा. आणि तुम्ही सांगितलीत. तुमचा धाकटा भाऊ लहानपणी पाण्यात पडला, तुम्ही धावलात, त्याचे केस तुमच्या हातात आले आणि निसटले. पाहुणे डोळे पुसत होते. एका बाईंनी यांच्याच पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, तुम्हालाही फार लागलेलं दिसतं.

यांचा घास हातातच राहिला. हे लहानपणी धोबीघाटाच्या हौदात पडले होते आणि तुम्ही यांना केस धरून बाहेर ओढलंत, ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकते आहे. झिपऱ्या नाव त्यावरूनच पडलं. टक्कल पडलं तरी यांनी ते नाव टाकलं नाही. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, की तिनं मला मारलं ते चालेल, पण केस सोडले असं का सांगितलं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पंचवीस. यांनी तुम्हाला बोलवू नकोस म्हटलंय. मी बोलावते आहे.

तुमची
वहिनी

ता. १२ नोव्हेंबर

चि. सौ. वहिनी, आणि ऐकत असेल तर चि. झिपऱ्या,

अ. उ. आ. मी तुला वाचवणारच होते रे. पहिल्यांदा ही गोष्ट सांगत होते तेव्हा हात पाण्यात होता, केस मुठीत होते. तेवढ्यात एका पाहुण्यानं विचारलं, मग ते बंधू आता कुठे असतात. तू जिवंत असलास तर तू कोठीचा मालक, मग मालक आहे कुठे? सगळी माळ तुटली असती. माझी मूठ उघडली. लोक रडले, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मागू लागले. त्यानंतर रोज जेवणानंतर मी तुला बुडवते. आधी गळा दाटायचा. मग दाटेनासा झाला, त्याची मला जास्त भीती वाटली.

वहिनीचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी खुर्चीतून उठले. म्हणाले, की सगळं खोटं आहे. मी पडदे शिवणारी बाई आहे. माझा भाऊ बुडाला नाही, केस कापतो, त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि मला घरी जायचं आहे. सांगताना मी हुंदके देत होते. सगळे श्वास रोखून ऐकत होते. मला वाटलं, सुटले.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उभं राहून वाजवल्या. एक गृहस्थ म्हणाले, असा अभिनय त्यांनी मोठ्या रंगमंचावरही पाहिला नाही. म्हातारपणी एकटेपणानं बाईसाहेबांचं भान सुटतं आणि त्यांना आपला भाऊ जिवंत वाटतो, असा अर्थ त्यांनी लावला. मॅनेजर जिन्यात उभा राहून चेहरा पाडून ऐकत होता, टाळ्या ऐकून त्याचा चेहरा फुलला. आता दर शनिवारी बुडवल्यानंतर मला हेही सांगायचं आहे. त्यासाठी त्यानं जादा दिवे लावून घेतलेत. वहिनी, माझ्याकडे खरं म्हणून एवढंच उरलं होतं, तेही त्यांनी कार्यक्रमात घातलं. आता कुठल्या तोंडानं काय सांगू? खिडकीतून बसथांबा दिसतो. बस येते, दार उघडतं, कोणी चढत नाही, निघून जाते.

लोभ ठेवा असं म्हणायचं धाडस होत नाही. आठवण ठेवा.

ताई

ता. १६ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. हे अक्षर माझं आहे. ओळी वर-खाली गेल्या असतील, एकाच डोळ्यानं लिहितोय. पत्र मी स्वतः वाचलं, हिला वाचायला दिलं नाही. (मी नंतर वाचलं.) दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा त्या टाळ्यांचा.

शनिवारी नेहमीसारखी खुर्चीत बस. मला बुडव. नीट बुडव, हात आखडू नकोस. मग खरं सांग, नेहमीसारखं. पुढचं माझ्यावर सोड. फाटकवाला ओळखीचा झालाय, मागल्या खेपेला त्याची मिशी मी फुकट नीट केली होती. स्वयंपाकीणबाईला म्हणावं, कपाटाची किल्ली हाताशी ठेव.

बाकी भेटीअंती.

तुझा, अजून न बुडालेला
झिपऱ्या

ता. २० नोव्हेंबर

आदरणीय थोरल्या बाईसाहेबांस (माफ करा, सवय जात नाही),

सा. न. वि. वि. शनिवारी मी मालकांच्या बैठकीला गावी गेलो होतो. रविवारी परतलो तर पाहुणे भारावलेले, असा प्रयोग जन्मात पाहिला नाही म्हणणारे, आणि आपली खोली रिकामी. विचारलं तर जो तो हसतो. स्वयंपाकीणबाई म्हणते, बाईसाहेब माहेरी गेल्या. एवढंच कळलं, की आपले बंधू तळ्यातून वर आले.

मालकांना हा भाग फार आवडला आहे. दर शनिवारी बंधूंना येता येईल का? जाण्यायेण्याचा खर्च आमचा. पुढच्या शनिवारच्या खोल्या आत्ताच भरल्या आहेत. कृपया कोणत्या बसनं येता ते कळवावे, फाटकात माणूस उभा करतो.

आपला नम्र
व्यवस्थापक

ता. २७ नोव्हेंबर

रा. रा. मॅनेजरसाहेबांस,

सा. न. वि. वि. आपण नव्हतात म्हणून घडलं ते सांगते. इतरांकडून ऐकाल त्यापेक्षा माझ्याकडून ऐकावं.

मी भावाला बुडवलं. मग उठून खरं सांगितलं, की मी शिवणारी बाई आहे आणि मला घरी जायचं आहे. टाळ्यांसाठी हात वर झाले होते, तेवढ्यात दिवाणखान्याचं दार उघडलं आणि माझा भाऊ आत आला. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून तो तळ्यात फक्त गुडघ्यापर्यंत भिजून आला होता. बूट पचपच वाजत होते. आपला नवा गालिचा खराब झाला, त्याबद्दल क्षमा असावी.

तो टेबलाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, की मंडळी, हिनं तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली. हिनं केस सोडले नव्हते. मग त्यानं टोपी काढली. टक्कल दाखवून म्हणाला, इतके घट्ट धरले होते की एकही उरला नाही. सगळं टेबल आधी हसलं आणि मग गप्प झालं, कारण मी हसत नव्हते. तो माझ्याजवळ आला, हात पुढे केला आणि म्हणाला, की ताई, चल, उजव्या डोळ्याची तारीख आली.

मग ते लोक उठले. टाळ्या थांबेचनात. कोणी दार उघडून धरलं, कोणी माझी पिशवी घेतली. मागे ज्यांनी छत्री धरून मला आत नेलं होतं तसेच हे लोक, या वेळी बाहेर नेत होते. स्वयंपाकीणबाईनं शिवणाचा डबा आणून दिला तो ज्या बाईंनी उचलला, त्यांच्या बाहीचं बटण लोंबत होतं. मी फाटकात उभी राहून ते लावलं. सगळ्यांच्या देखत, त्यांचा हात माझ्या हातात धरून. दोरा दातानं तोडला तेव्हा त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, की तुम्ही खरंच शिवता. मी म्हटलं, खरंच. त्यांनी मागे वळून कोणाला काही सांगितलं नाही. बस आली, आम्ही चढलो. बाकीचे हात हलवत राहिले. त्यांना वाटलं, आम्ही पुढच्या वळणावर उतरून परत येऊ.

आम्ही येणार नाही. आपण मला वाईट वागवलं नाहीत, चहाही वेळेवर दिलात, त्याची जाण आहे. पण दर शनिवारी सुटका करून घ्यायला मी परत कोंडून घेणार नाही. कोठीला कुलूप लागेल अशी भीती बाळगू नका. पाहुण्यांना टाचण्यांची खरी गोष्ट सांगा, खुर्ची रिकामी ठेवा आणि बोलायला स्वयंपाकीणबाईला बसवा. तिच्याकडे माझ्यापेक्षा चांगल्या गोष्टी आहेत आणि त्यांत कोणी मरत नाही. उन्हाकडच्या पडद्यांना अस्तर लावायचं राहिलंय. ते कापड इकडे पाठवा, शिवून देईन.

उजव्या डोळ्याची पट्टी आज सकाळी निघाली. मी समोर स्टुलावर बसले होते. वाट बघायला लागली म्हणून तिथल्या परिचारिकाबाईंच्या उसवलेल्या झग्याची कड टाचायला घेतली होती. डॉक्टरांनी भावाला विचारलं, काय दिसतं. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, की ताई, तोंडातल्या टाचण्या आधी काढ.

काढल्या. मग बोलले.

लोभ असावा, पण आता दुरून.

आपली
पडदे शिवणारी